वाचकांचे प्रश्न : तोफा परदेशी, पैसा कुणाच्या खात्यात?

प्रश्न : संरक्षण निर्यातीचे विक्रम दरवर्षी छापून येतात. मग लष्करावरचा खर्च तेवढ्याने हलका व्हायला नको का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : २०२४-२५मध्ये निर्यात २३,६२२ कोटी रुपयांची झाली. २०१३-१४मध्ये ती ६८६ कोटी होती, म्हणजे वाढ खरीच. पण २०२४-२५ची संरक्षणाची तरतूद होती ६.२२ लाख कोटी. निर्यातीची सगळी रक्कम तिच्यात ओतली तरी जेमतेम चौदा दिवस निघतील. आणि ती ओतता येतच नाही, कारण ही कंपन्यांची विक्री आहे. त्यातली १५,२३३ कोटींची तर खासगी कंपन्यांची. सरकारच्या पदरात पडतो तो कर आणि सरकारी कंपन्यांचा लाभांश. तोही तिजोरीत जातो, लष्कराच्या खात्यात नाही. शिवाय त्या तरतुदीतले ३०.६६ टक्के पगार-भत्त्यांचे आणि २२.७० टक्के पेन्शनचे होते. तोफा कितीही विकल्या तरी हा आकडा हलत नाही.

खरा फायदा कारखान्यात होतो. साचे, जिग (भाग पक्का धरून ठेवणारी साधनं), चाचणी-गोळाबार यांचा खर्च नगांच्या संख्येवर ठरत नाही. समजा तो ३०० कोटी आहे. शंभर तोफांवर वाटला तर तोफेमागे ३ कोटी, दोनशेंवर वाटला तर दीड. आपल्या लष्कराच्या ऑर्डरी एकगठ्ठा येतात, मधली वर्षं कोरडी. पुण्याच्या कल्याणी समूहाने १५५ मिमी तोफांची १५.५५ कोटी डॉलरची निर्यात ऑर्डर नोव्हेंबर २०२२मध्ये जाहीर केली. याच समूहाचा वाटा असलेल्या 'अटॅग्स' या देशी बनावटीच्या ३०७ ओढत्या तोफांसाठी भारतीय लष्कराचा करार झाला मार्च २०२५मध्ये. अशा मधल्या काळात परदेशी गिऱ्हाइकामुळे लाइन चालू राहते, कसबी कामगार टिकतात. मात्र घटलेला उत्पादनखर्च लष्कराच्या पुढच्या करारातल्या दरात उतरला तरच देशाची बचत. नाहीतर तो निव्वळ कंपनीचा नफा.

प्रश्न : भोसरीत आमचं मशिनिंगचं युनिट आहे. युरोपातल्या कंपनीने तोफेच्या एका भागाची चौकशी केली आहे. परवाना लागेल का?

उत्तर : आधी 'स्कोमेट' यादीचा, म्हणजे ज्यांच्या निर्यातीला सरकारची परवानगी लागते अशा वस्तू-तंत्रज्ञानाच्या यादीचा, सहावा म्हणजे लष्करी सामग्रीचा गट उघडा. बाजारात मिळणारा साधा नटबोल्ट त्यात नाही. तोफेसाठीच खास बनवलेला भाग असेल तर तो तळहाताएवढा असला तरी यादीत बसू शकतो. या गटाची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो, अर्ज ऑनलाइन. परचेस ऑर्डर, तांत्रिक तपशील आणि माल शेवटी कोण, कशासाठी वापरणार याचं प्रमाणपत्र तयार ठेवा. घोळ बहुधा या प्रमाणपत्रात होतो : सही मधल्या दलालाची असते, किंवा नगसंख्या ऑर्डरशी जुळत नाही.

कोटेशन देताना डिलिव्हरीची मुदत परवानगी हातात पडल्यापासून मोजली जाईल, अशी अट घाला. ती नसेल तर कागदपत्रांतल्या उशिराचा दंड तुमच्याच बिलातून कापला जाईल. यादीतल्या मालाचं ड्रॉइंग नुसतं ईमेलने पाठवणंही तंत्रज्ञानाची निर्यात ठरू शकतं. नमुन्याचा एकच नग कुरियरने जाणार असला, तरी परवानगी आधी.