नदीकाठी जमीन घेतलीत, आता घाई नको

वाशिष्ठीकाठी जमीन घेतलीत, छान झालं. पण पहिला पावसाळा नुसता बघा. पाणी कुठवर चढतं त्याच्या खुणा झाडांवर करा, मगच पंपाची खोली बांधा. 2021 च्या जुलैत चिपळुणात पुरानं काय झालं ते कोणीही सांगेल.

काठावरची शेरणीची झुडपं, उंबर, करंज तोडू नका. जेसीबीवाला ‘साफ करून देतो’ म्हणेलच (त्याचं मीटर चालू असतं). शेरणीची मुळं दगडांत घट्ट रुततात. पुरात ती आडवी होते, उपटत नाही. उभ्या दरडीत मूठ जाईल एवढं भोक आणि खाली पांढरी शिट दिसली, तर तिथे खंड्याचं बिऱ्हाड असणार, ती दरड छाटू नका. पावसाच्या सुरुवातीला वळगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हा जाळं नको. आणि उन्हाळ्यात डोह उपसायचा नाही, शेजारी काही म्हणोत.