गॅलरीतलं खत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. परस नाही, तीन बाय सहाची गॅलरी तेवढी आहे. जूनमध्ये झाकणाच्या बादलीत स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकायला सुरुवात केली. महिन्याभरात घाण वास सुटला, अळ्या झाल्या, शेजारी बोलायला लागले. बंद करावं का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : बंद करू नका. तुमच्याकडे कमी पडलीय ती जागा नाही, कोरडा माल. साली-देठांत पाणीच जास्त. ते दबून बसलं की आत हवा शिरत नाही, आणि हवेविना कुजणाऱ्या कचऱ्याला नासक्या अंड्याचा वास येतो. त्यातून बेळगावचा पाऊस. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तर बंद बादलीतलं पाणी कुठे जाणार?

आधी बादली जुन्या पोत्यावर उपडी करा. तळाचं काळं पाणी संडासात ओता, कुंड्यांना घालू नका. उरलेल्या गाळात तेवढ्याच मापाचा कोरडा माल मिसळा : चुरलेली वाळकी पानं, कातरलेल्या नारळाच्या शेंड्या किंवा सुताराकडचा लाकडाचा भुसा. प्लायवुडचा भुसा नको, त्यात डिंक असतो. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं आपल्याकडे सहज मिळतात. ती चुरून घातली तर कचरा दबत नाही. मग मूठभर घेऊन घट्ट आवळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर आणखी कोरडं घाला. मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा.

बादली वीस लिटरची चालेल, पण भोकं हवीतच. तळाला आठ-दहा आणि बाजूंना दोन रांगांत पंधरा-वीस, पेन्सिल जाईल एवढी. ती दोन विटांवर ठेवा, खाली ताट ठेवा. तळात तीन बोटं शेंड्या पसरा. रोजचा कचरा इंचभर तुकडे करून टाका आणि वर त्याच्याएवढाच, पावसाळ्यात दीडपट, कोरडा थर द्या. साल उघडी दिसता कामा नये, चिलटं तिथेच बसतात. सुरुवातीला ओंजळभर जुनं खत किंवा शेणकाला मिसळा. तीन-चार दिवसांनी काठीने तळापर्यंत ढवळा. हे ढवळणंच बहुतेक घरांत राहून जातं.

अळ्या चपट्या, करड्या-तपकिरी असतील तर काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा झपाट्याने खातात आणि त्रास देत नाहीत. पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या असतील तर घरमाशीच्या. उपाय एकच : वरचा थर कोरडा ठेवा.

बादली भरली की दुसरी सुरू करा. पहिली दोन-तीन महिने ढवळत ठेवली की काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं. पावसाळ्यात थोडं जास्त थांबावं लागेल.

प्रश्न : शिळा भात, आमटी, मटणाची हाडं टाकता येतील का? (निपाणी)

उत्तर : भात टाका, पण मूठभरच, मोकळा करून, दुप्पट कोरड्यात मिसळून. गोळा तसाच टाकला तर आंबतो. भाकरी चुरून चालते. आमटी, तेलकट रस्सा, लोणचं नको : तेलाने हवा अडते आणि मिठाने पुढे कुंडीतली झाडं करपतात. हाडं आणि मासे छोट्या बादलीत टाकू नका, उंदीर-मांजरं मागावर येतात. ते कचऱ्याच्या गाडीला द्या.

प्रश्न : पावसाळ्यात वाळकी पानं आणायची कुठून? (खानापूर)

उत्तर : पावसाळ्यात शोधायचीच नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ असते तेव्हा दोन पोती भरून ठेवा, तोंड बांधून, छपराखाली, जमिनीपासून वर. चुरून भरली तर पोत्यात बरीच जास्त मावतात. यंदा पोती भरलेली नसतील तर वर्तमानपत्राच्या बोटभर पट्ट्या फाडून वापरा, चकचकीत रंगीत कागद सोडून. भातगिरणीतलं तूसही चालतं. ते लवकर कुजत नाही, पण हवा खेळती ठेवतं, म्हणून पट्ट्यांत निम्मंच मिसळा.