ऐकणाऱ्यांचे प्रश्न: जेनेसिसचे नंतरचे अल्बम कुठून ऐकायला घ्यावेत?

प्रश्न: सर, मी ऐरोलीला राहतो, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामाकडच्या जुन्या सीडींमुळे जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचं वेड लागलं, 'फॉक्सट्रॉट' अल्बम तर जवळजवळ पाठ झालाय. मामा म्हणतो की १९७५ला गायक पीटर गॅब्रिएलने बँड सोडला, १९७७ला गिटारिस्ट स्टीव्ह हॅकेटने सोडला, त्यानंतरचं सगळं रेडिओसाठी केलेलं आहे, त्यात वेळ घालवू नकोस. मी त्यांचा नंतरचा 'इन्व्हिजिबल टच' लावला आणि पहिल्याच गाण्यात बंद केला, पण न ऐकताच मत बनवणं पटत नाहीये. त्यात खरंच काही आहे का?

उत्तर: भरपूर आहे. मामांची बाजू मला कळते, 'फॉक्सट्रॉट'वरच्या 'सपर्स रेडी'ची तेवीस मिनिटं ज्यांच्या अंगात भिनलीयेत त्यांना त्याच बँडची चार मिनिटांची गाणी ऐकताना काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटतं, पण "त्यानंतरचं सगळं" हे मला अजिबात मान्य नाही.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, छोटं गाणं हे या लोकांना नंतर सुचलेलं नाही. चार्टरहाउस शाळेतली पोरं होती तेव्हा ती पॉप गाणीच लिहीत होती, १९६९चा पहिला अल्बम त्याच गाण्यांचा आहे. पुढे लांबलचक रचना आल्या आणि मग कीबोर्डवर टोनी बँक्स, गिटारवर माइक रदरफोर्ड आणि ड्रम्सबरोबर आता गाणाराही फिल कॉलिन्स एवढे तिघंच उरले तेव्हा लिहायची पद्धतच बदलली. आधी प्रत्येकजण घरून बरंचसं तयार करून आणायचा, आता तिघं सरे परगण्यातल्या स्वतःच्या स्टुडिओत बसून वाजवत राहायचे आणि त्यातून जे हाती लागेल ते पकडायचे, १९८३च्या अल्बमपासून तर सगळी गाणी तिघांच्याच नावावर आहेत. तिघं एकत्र वाजवताना निघालेली गाणी सुटसुटीत असणारच, त्यात लबाडी कसली?

तुम्ही सुरुवात चुकीच्या दारातून केलीत एवढंच. 'ड्यूक'पासून घ्या, १९८०चा. ठाण्याहून पनवेल गाडी पकडलीत तर जवळपास अख्खा अल्बम प्रवासात होतो. यातली सहा गाणी मुळात अर्ध्या तासाची एकच रचना म्हणून धरली होती, पण लोक लगेच 'सपर्स रेडी'शी तुलना करतील म्हणून ती तोडून अल्बमभर पसरवली, आणि त्याच वर्षीच्या टूरवर मात्र ती सहाही सलग वाजवली. तर तुम्ही ती जोडून ऐका: 'बिहाइंड द लाइन्स', 'डचेस', 'गाइड व्होकल', 'टर्न इट ऑन अगेन', 'ड्यूक्स ट्रॅव्हल्स', 'ड्यूक्स एंड'. 'बिहाइंड द लाइन्स' कुठे संपलं ते कळतच नाही आणि खालून 'डचेस'ची ड्रम मशीनची टिकटिक सुरू होते, कॉलिन्ससारखा ड्रमर हात बांधून बसलेला, बराच वेळ नुसती टिकटिक आणि वर बँक्सचे कीबोर्ड, आणि मग खरे ड्रम्स आत येतात तेव्हा खुर्चीत सरसावून बसायला होतं. 'डचेस' हे गाणं एका गायिकेबद्दल आहे, आधी स्वतःच्या मनाचं गाणारी, मग गर्दी तिच्यासाठी ओरडते, आणि मग एक दिवस ती गर्दी येईनाशी होते. 'गाइड व्होकल' जेमतेम दीड मिनिटाचं, नुसता आवाज आणि कीबोर्ड, पहिल्यांदा ऐकताना वाटतं हे कशाला ठेवलंय, पण तेच शब्द 'ड्यूक्स ट्रॅव्हल्स'च्या शेवटी पूर्ण बँडच्या ताकदीनिशी परत येतात. हे प्रॉग, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं प्रोग्रेसिव्ह रॉक, नाही तर काय आहे?

आणि 'टर्न इट ऑन अगेन' हे तर रेडिओवर गाजलेलं गाणं, त्याला टाळी धरून बघा. तेरा मात्रांचं चक्र आहे! चारचारच्या हिशोबाने टाळी दिलीत की दुसऱ्याच आवर्तनात सम निसटते, तरी ऐकताना ते सरळसोट रॉक वाटतं. मला नंतरच्या जेनेसिसबद्दल जे सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, कौशल्य कुठे गेलेलं नाही, ते गाण्याच्या आत जाऊन बसलंय, पूर्वीसारखं दाखवत नाहीत.

त्यानंतर १९८३चा 'जेनेसिस' नावाचाच अल्बम घ्या, त्यात 'होम बाय द सी' आणि त्याला जोडून 'सेकंड होम बाय द सी', एक चोर समुद्राकाठच्या घरात शिरतो आणि तिथली भुतं त्याला पकडून बसवतात, आमच्या गोष्टी ऐक म्हणतात, हा विषय गॅब्रिएलच्या काळात शोभला असता. मग 'इन्व्हिजिबल टच'कडे परत या, पण यावेळी एलपीच्या दुसऱ्या बाजूपासून, कारण 'डॉमिनो' तिथे आहे, दोन भागांचं, दहा मिनिटांच्या वर, आणि शेवटचं 'द ब्राझिलियन' तर शब्दच नसलेलं. ज्या अल्बमला लोक पॉप म्हणून हिणवतात त्यातच हे सगळं आहे, सिंगल्स ऐकून सोडून दिलं तर इथपर्यंत कोणी पोचत नाही.

१९९१च्या 'वी कान्ट डान्स'मधलं 'ड्रायव्हिंग द लास्ट स्पाइक' मात्र माझ्या खास जिव्हाळ्याचं आहे. ब्रिटनमध्ये रेल्वे बांधली त्या मजुरांचं गाणं, घरदार सोडून गेलेले, बोगद्यात स्फोटात मेलेले, कोणाच्या खिजगणतीत नसलेले. दहा मिनिटांचं आहे, हळू सुरू होतं आणि मग तापत जातं, शब्द कॉलिन्सचे. आपण ठाण्याची माणसं १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी आली याचा अभिमान सांगतो, पण पुढे खंडाळ्याचा घाट फोडताना अपघातांत आणि कॉलऱ्याने किती मजूर मेले, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. कर्जत सोडून गाडी घाट चढायला लागली की हे गाणं लावा. ज्या बँडमध्ये आता काही उरलं नाही असं मामा म्हणतात त्या बँडने हे केलंय.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. १९८३च्या अल्बमवरचं 'इल्लिगल एलियन' परक्या लोकांच्या बोलण्याची नक्कल करतं, ते तेव्हाही वाईट होतं आणि आजही आहे, पुढे ढकला. त्यांच्याच १९८१च्या 'अबाकॅब' अल्बममधलं 'हू डनिट' मला झेपत नाही. पण १९७०च्या दशकातही कच्ची गाणी होती, त्यांना आपण प्रेमापोटी माफ केलंय.

प्रश्न: मला गाणी आवडतात पण ऐंशीच्या दशकातल्या ड्रम्सचा तो धाडकन येऊन एकदम कापला जाणारा आवाज सहन होत नाही. तो आला कुठून? — एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: गंमत म्हणजे तो गॅब्रिएलच्या अल्बमवरून आला. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत १९७९-८०ला त्याच्या तिसऱ्या सोलो अल्बमचं काम चालू होतं, ड्रम्सवर कॉलिन्स, इंजिनीअर ह्यू पॅजम. वाजवणाऱ्यांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून एक माइक लावलेला असतो, त्यावर जबरदस्त कम्प्रेशन (लहानमोठे आवाज दाबून एका पातळीवर आणणं) असतं, तो चालू असताना कॉलिन्स वाजवायला लागला आणि आवाज असा काही आला की सगळे थबकले. मग त्यावर नॉइज गेट लावला, म्हणजे खोलीचा घुमारा मोठा होतो आणि विरण्याआधीच तोडला जातो. गॅब्रिएलने झांजा वापरायच्या नाहीत असं ठरवलेलं होतं म्हणून ड्रम्सना पसरायला जागाही मिळाली. मग १९८१ला कॉलिन्सच्या सोलो गाण्यात आणि 'अबाकॅब'मध्ये तोच आवाज आला आणि पुढे जगाने तो इतका वापरला की आपले कान विटले. म्हणून म्हणतो, तो 'अबाकॅब'च्या शीर्षकगीतात ऐका, तिथे तो नवा होता, गाणंच त्याच्या भोवती रचलंय. तरी नाहीच जमलं तर 'ड्यूक'वर राहा, तिथे ड्रम्स बरेच साधे आहेत.

प्रश्न: येस या बँडच्या '९०१२५' अल्बमला खरं येस म्हणायचं का? घरात नवऱ्याशी रोज वाद होतो. — एक वाचक, नेरुळ

उत्तर: नवरा काय म्हणतो ते तुम्ही लिहिलं नाहीत, तरी सांगतो. ते सुरू झालं 'सिनेमा' नावाच्या वेगळ्या बँडचं काम म्हणून, गिटारिस्ट ट्रेव्हर रॅबिनची गाणी, सोबत येसचेच ख्रिस स्क्वायर आणि अ‍ॅलन व्हाइट, आणि येसचा मूळ गायक जॉन अँडरसन अगदी शेवटाकडे आला, त्याचा आवाज लागल्यावर येस हे नाव परत घेतलं. त्यामुळे शंका येणं बरोबर आहे. पण 'लीव्ह इट'मधली एकावर एक रचलेली गाणाऱ्या गळ्यांची फळी ऐका, किंवा 'चेंजेस'ची सुरुवात ऐका, ताल कुठे धरायचा ते कळायलाच वेळ लागतो, आणि निर्माता ट्रेव्हर हॉर्न स्वतः १९८०च्या 'ड्रामा'वर याच बँडचा गायक होता. मी तरी बिनदिक्कत येस म्हणतो. 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' जानेवारी १९८४ला अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं म्हणून अल्बम हलका ठरत नाही, नवऱ्याला आधी 'हार्ट्स' ऐकवा, सात मिनिटांचं आहे, शेवटचं गाणं.