‘शिक्षणचक्र’ नको, ‘अभ्यास’ म्हणा

प्रश्न असा आहे: उत्पादन विकसित करण्याच्या ‘लीन’ (म्हणजे वाया जाणारं काम टाळणाऱ्या) पद्धतीत ‘कंटिन्युअस लर्निंग सायकल’ म्हणतात, त्याला ‘सतत शिक्षणचक्र’ हा प्रतिशब्द चालेल का?

नाही चालणार. शिक्षण म्हटलं की शिकवणारा आला, आणि इथे तो नसतोच. टीम एक शंका घेते, स्वस्तातला नमुना करून ती पडताळते, जे कळलं त्यावरून पुढची शंका घेते. उत्तर आधी कोणालाच ठाऊक नसतं. तरी सादरीकरणांतून ‘शिक्षणचक्र’ आणि त्याहून वाईट ‘आमच्या लर्निंग्ज’ कानावर आदळतच असतात. नेमका शब्द हाताशी आहे: अभ्यास.

अभि + अस्. हा अस् ‘असणे’चा नव्हे, ‘फेकणे’चा, ‘अस्त्र’ त्यातलंच. पुन्हा पुन्हा नेम धरून फेकणं, ही फेरी शब्दातच आहे. पाणिनीने तर द्वित्वातल्या, म्हणजे धातूचं अक्षर दुणावतं तेव्हाच्या, पहिल्या अक्षराला ‘अभ्यास’ हीच संज्ञा दिली: ‘पिपासा’तला पि, ‘जिज्ञासा’तला जि. आता ‘शिक्षण’ बघा. शिक्ष् हे शक् धातूचं इच्छार्थक रूप, म्हणजे ‘जमावंसं वाटणे’. इथेही पहिलं अक्षर दुणावायला हवं, पण पाणिनी त्याचा लोप सांगतो (अष्टाध्यायी ७.४.५८). शिक्षणातून अभ्यास व्याकरणानेच गळलाय! धातुपाठातल्या, म्हणजे धातूंच्या यादीतल्या, ‘शिक्ष विद्योपादाने’वर (शिक्ष् म्हणजे विद्या मिळवणे) बोट ठेवून हा स्वतंत्र धातू म्हणणाऱ्यांनी चारच सूत्रं मागे जावं. ७.४.५४मध्ये ‘शक’ स्पष्ट उच्चारलेला आहे. तो वगळून व्युत्पत्ती सांगणं हा आळस आहे.

गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनाही कामात सुधारणा करण्याच्या ‘प्लॅन-डू-चेक-अ‍ॅक्ट’ या फेरीतला ‘चेक’ खटकायचा, कारण त्याला अडवण्याची छटा आहे. ‘स्टडी’ म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. त्या ‘स्टडी’च्या जागी मराठीत ‘तपासा’ लिहिणारे तोच आग्रह पुसून टाकतात. तपासणी पास-नापास सांगून थांबते. राइट बंधूंचं १९०१चं ग्लायडर गणिताप्रमाणे उचललं जाईना, तेव्हा त्यांनी वाऱ्याचा बोगदा बांधला, पंखांचे सुमारे २०० आकार एकामागून एक पारखले आणि छापील कोष्टकांऐवजी स्वतःच्या आकड्यांवरून नवे पंख आखले. १९०३मध्ये त्यांचं विमान उडालं. हा अभ्यास.

‘सायकल’साठी ‘फेरी’ पुरे: ‘अभ्यासाची दुसरी फेरी’. ‘सतत’ काढूनच टाका. आणि ‘लीन’ देवनागरीत तसंच ठेवलंत तर मराठी वाचक ‘नम्र’ असं वाचेल; तिथे ‘नेटका’ लिहा.