घरच्यांच्या विरोधामुळे रेव्हरंड ना. वा. टिळक पुन्हा हिंदू झाले होते का?

नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून शेवटपर्यंत ते ख्रिस्तीच राहिले. त्यापायी बायको-मुलापासून जवळजवळ पाच वर्षांची ताटातूट मात्र सोसली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळं आहे. परत आल्यावरही त्या आधी सोवळं सांभाळून वेगळी चूल मांडत, आणि एरवी शीघ्रकोपी असलेल्या टिळकांनी धर्मासाठी बळजबरी केली नाही! १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. पण घरी आधी नीट न सांगताच टिळकांनी पाऊल उचललं होतं, तेव्हा गैरसमजाचं सगळं खापर नातेवाइकांवर फोडू नये. १९१७ मध्ये टिळकांनी सोडली ती मिशनची नोकरी, धर्म नव्हे.