कारागिरी की कसब?

एका वाचकाने विचारले आहे की, युरोपातल्या जुन्या चित्रकारांची ‘क्राफ्ट्समनशिप’ आधुनिक चित्रकलेशी ताडून पाहताना मराठीत ‘कारागिरी’ म्हणावे की ‘कसब’.

कसब म्हणावे. ‘कारागिरी’ हा शब्द वाईट नाही. पण ‘ही नुसती कारागिरी, कला नव्हे’ असे इतक्या भाषणांतून ऐकावे लागते की, त्या बिचाऱ्या शब्दाची प्रतिष्ठाच गेली आहे, आणि याचा मला मनापासून संताप येतो.

‘कसब’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ कौशल्य नव्हे, तर कमाई. कमाईसाठी करायचा तो धंदा आणि धंद्यात मुरलेल्या हाताचे ते कसब, असा हा अर्थ सरकत गेला. देहविक्रयावर पोट भरणाऱ्या स्त्रीला ‘कसबीण’ म्हणत, तेही याच कमाईवरून. काही जण हा शब्द सोन्याच्या ‘कसा’शी जोडतात, पण शेवटचा ‘ब’ कोठून आला हे त्यांनी आधी सांगावे. पुण्याच्या कसबा पेठेशीही त्याचे नाते नाही. त्या ‘कसब्या’तले क आणि स अरबीत निराळ्या अक्षरांनी लिहितात.

युरोपातल्या या जुन्या नामांकित चित्रकारांना ‘ओल्ड मास्टर’ म्हणतात, त्यातला मास्टरही माझ्या मते असाच कमावलेला शब्द आहे, कारण ती मुळात स्तुती नसून कारागीर-संघाची पदवी होती. डच चित्रकार योहानेस व्हर्मीरची डेल्फ्ट शहरातल्या चित्रकारांच्या सेंट ल्यूक संघात मास्टर म्हणून २९ डिसेंबर १६५३ रोजी नोंद झाली, तेव्हा ६ गिल्डर शुल्कापैकी दीडच भरले गेले आणि बाकी १६५६ मध्ये फिटली. त्याच्या चित्रांतला निळा रंग म्हणजे अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द दगड कुटून, धुऊन, तेलात घोटून केलेला रंग.

१८४१ मध्ये तयार रंग भरून ठेवायच्या धातूच्या नळीचे पेटंट निघाले आणि हे घोटण्याचे कसब चित्रकाराच्या हातून सुटत गेले. परंतु त्यामुळे आधुनिकांपाशी कसबच उरले नाही, असे म्हणणाऱ्यांनी अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एखादे चित्र जवळून पाहावे. रोलरने आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरवायच्या बोथट सुरीने, रंगाचे पातळ थर चढवायचे, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून तो उचलून घ्यायचा, आणि खालचा थर नेमका हवा तेवढाच उजळू द्यायचा, हे ज्या हाताला साधले त्याला ‘कसबी’ म्हणताना शब्द जराही ताणावा लागत नाही.