वाचकांचे प्रश्न : मेंदूतले रक्त परत कसे येते?

प्रश्न : माझ्या नणंदेला बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी डोकेदुखी सुरू झाली आणि दोन दिवसांनी आकडी आली. एमआरआयच्या अहवालात ‘सुपीरियर सॅजायटल सायनसमध्ये गुठळी’ असे लिहिले होते आणि शेजारी थोडा रक्तस्रावही दिसत होता. तिला साधी सर्दीही नव्हती, मग हा सायनस कुठला? आणि मेंदूत रक्तस्राव असताना डॉक्टरांनी रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन का दिले? ती आता बरी आहे, पण घरात या उपचाराविषयी अजून शंका घेतली जाते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या घरातली शंका स्वाभाविक आहे, परंतु डॉक्टरांनी दिलेले इंजेक्शन योग्यच होते, हे आधी सांगतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच असते, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा त्याला लागतो. हे रक्त चार धमन्यांतून वर येते. मानेच्या पुढच्या भागातून दोन कॅरोटिड धमन्या चढतात, तर मागच्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वाट काढत कवटीत शिरतात आणि तेथे एकत्र येऊन बॅसिलर धमनी होते. मेंदूच्या तळाशी हे पुढचे आणि मागचे प्रवाह एका कड्याने जोडलेले असतात. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली या कड्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एखादी धमनी हळूहळू अरुंद होत गेली, तर या कड्यातून दुसऱ्या बाजूचे रक्त तिकडे वळू शकते. मात्र कड्याच्या पलीकडची शाखा अचानक बंद पडली, तर तिच्यावर अवलंबून असलेला भाग काही मिनिटांतच मरू लागतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा जाणे ही पक्षाघाताची लक्षणे एकाएकी दिसतात, ती यामुळेच.

आपल्या नणंदेच्या धमन्यांत मात्र दोष नव्हता. अडथळा रक्त परत येण्याच्या वाटेवर होता. हातापायांत नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या, बहुधा धमनीच्या सोबतीने चालतात. मेंदूत तसे नाही. तेथील नीला आपल्या वेगळ्या वाटेने जातात, त्यांना झडपा नसतात, आणि त्या मेंदूवरच्या ड्युरा नावाच्या जाड वेष्टनाच्या दोन पदरांमधील पोकळ वाहिन्यांत रिकाम्या होतात. या वाहिन्यांनाच सायनस म्हणतात. नाकाशेजारच्या हवेच्या पोकळ्यांनाही तेच नाव असल्यामुळे घोटाळा होतो. सुपीरियर सॅजायटल सायनस कपाळाकडून डोक्याच्या मध्यरेषेने मागे जातो. तेथून रक्त आडव्या सायनसमधून कानामागे वळते आणि मानेतील जुग्युलर नीलेतून हृदयाकडे उतरते. मेंदूभोवतीचे पाणीही बऱ्याच अंशी याच मधल्या सायनसमध्ये शोषले जाते.

ही वाट तुंबली की रक्त आणि पाणी दोन्ही मागे साचतात व कवटीतला दाब वाढतो. म्हणून दुखणे बहुधा डोकेदुखीने सुरू होते, दिवसेंदिवस वाढते, उलट्या होतात, दृष्टी धूसर होते आणि पुढे आकडी येऊ शकते. मागे साचलेल्या रक्ताच्या दाबाने बारीक नीला फुटतात. अहवालात दिसलेला रक्तस्राव बहुधा असाच झाला असावा. तो थांबवायचा तर मूळ तुंबारा हटला पाहिजे. रक्त ‘पातळ करण्याच्या’ हेपॅरिन या इंजेक्शनामुळे रक्त खरोखर पाण्यासारखे पातळ होत नाही. गुठळीची वाढ थांबते आणि ती विरघळवण्याचे काम शरीराची स्वतःची यंत्रणा करते. १९९१ साली जर्मनीतील एका चाचणीत अशा २० रुग्णांपैकी १० जणांना हेपॅरिन दिले गेले आणि १० जणांना दिले गेले नाही. हेपॅरिन मिळालेल्यांपैकी कोणीही दगावले नाही. न मिळालेल्यांपैकी तिघे दगावले. आधीच रक्तस्राव झालेले रुग्णही त्या चाचणीत होते. चाचणी लहान होती, पण आज जगभर हाच उपचार प्रथम दिला जातो.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. प्रसूतीतील रक्तस्राव रोखण्यासाठी शरीराने केलेली ती तयारी असते. त्यात अंगातले पाणी कमी झाले की धोका वाढतो. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची चाल आजही आहे, ती सोडून द्यावी असे मला मनापासून वाटते. बाळंतिणीची वाढती डोकेदुखी ‘वारा लागला असेल’ म्हणून अंगावर काढू देऊ नये.

आपल्या नणंदेने रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने घ्याव्यात, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, आणि पुन्हा दिवस राहिल्यास पहिल्याच भेटीत हा जुना अहवाल स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावा.